चिंतामणीकाकांचं नरसाळं

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. कॉलेजच्या अंकासाठी मजकूर द्यायची तारीख उलटून गेली, सरांनी दोनदा विचारलं, मी दोनदा "हो, देते" म्हणून सटकले. कारण काकांनीच सांगितलं होतं, "माझ्यावर कसलं लिहितेस? मी काय केलंय? उलट एका बाईचं जे होतं ते घालवलं." ते ऐकल्यापासून माझा हातच चालेना. पण परवा संध्याकाळी काकांच्या बायको, आमच्या शेजारच्या उमाकाकू, कुंपणापाशी उभ्या राहून आईला हळू आवाजात जे सांगत होत्या ते माझ्या कानावर पडलं, आणि वाटलं, आता नाही लिहिलं तर उशीर होईल. म्हणून एका बैठकीत लिहून काढतेय, शुद्धलेखन सरांनी बघावं. यात माझं काही नाही. जे आहे ते काकांचं आणि सोनूबाईचं.

चिंतामणी आठल्ये हे नाव रत्नागिरीत फार जणांना माहीत नसेल. पण ज्यांच्या भिंतीवर काळापांढरा लग्नाचा फोटो आहे, त्यातल्या निम्म्यांच्या फोटोला त्यांचा हात लागलेला आहे. राम आळीतल्या स्टुडिओत मोठ्या दिव्यांपाशी उभं राहून "हनुवटी जरा खाली, हां, आता हसा" म्हणणारे काशीरामशेठ सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या मागे काळा पडदा, पडद्याच्या आत एवढीशी खोली, खोलीत लाल बल्ब, आणि त्या बल्बखाली तीस वर्षं चिंतामणीकाका. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालायची, कागदावर उजेड पाडायचा, कागद औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायचा आणि माणूस उगवायची वाट बघायची. आधी केस येतात, मग डोळे, मग हळूहळू बाकीचा माणूस. काका म्हणायचे, "अख्खं गाव मी ओलं असताना बघितलंय."

पण सत्त्याऐंशी साल येईपर्यंत लोकांना रंगीत फोटो हवे झाले होते. रंगीत रोल कोल्हापूरला जायचे, तिकडूनच धुऊन यायचे. लाल बल्ब आठवड्यातून दोनदा लागायचा, कधी एकदाच. काशीरामशेठ दर पंधरा दिवसांनी म्हणायचे, "चिंतामणी, आतली खोली मोकळी केली तर तिथे झेरॉक्सचं मशीन मस्त बसेल."

"बसेल की," काका म्हणायचे आणि आत जाऊन पडदा ओढून घ्यायचे. आत काम नसायचं. नुसते बसायचे.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो रविवारी. पाऊस सरला की सड्यावर, त्या काळ्या कातळावर, एवढी एवढी फुलं येतात ना, मोहरीच्या दाण्याएवढी, त्यांचे फोटो काढायचे. नाहीतर मुंगीचं डोकं, नाहीतर तुडतुड्याचा पंख. त्यासाठी लागणारी महागडी लेन्स काही त्यांच्याकडे नव्हती. एका जुन्या घडीच्या कॅमेऱ्याचा लांबआखूड होणारा भाता काढून तो त्यांनी आपल्या रशियन कॅमेऱ्याला जोडला होता, आणि भात्याच्या पुढच्या तोंडाला एन्लार्जरची लेन्स, उलटी करून. स्टुडिओतलीच ती, रविवारपुरती खिशात घालून न्यायची आणि सोमवारी परत जागेवर बसवायची. उलटी बसवली की ती बारीक वस्तू इतकी मोठी आणि कोपऱ्यापर्यंत इतकी नीट दाखवते, की मुंगीच्या मिशा मोजाव्यात.

उमाकाकू शाळेत शिकवतात. त्यांना हे सगळं रविवारचं सामान घरभर पसरलेलं आवडायचं नाही.

"अहो, माणसं सोडून मुंग्यांचे फोटो! कोण लावणार भिंतीवर?"

"मुंगी निदान 'माझं नाक मोठं आलंय' म्हणून फोटो परत घेऊन येत नाही."

एकच खोट होती. फोटो धुरकट यायचे. एन्लार्जरची लेन्स जन्मभर अंधारात राहिलेली. तिच्यावर कधी आडवातिडवा उजेड पडत नाही, म्हणून तिला हूडच नसतं. हूड म्हणजे आपण उन्हात लांबचं बघताना कपाळावर हात धरतो ना, तसा लेन्सवर धरलेला हात. ही बिचारी उघड्या डोळ्यांनी उजेडात यायची आणि चारी बाजूंचा उजेड आत घ्यायची. मग अख्खं चित्र पांढरट, ताकात बुडवून काढल्यासारखं. काकांनी ते चालवून घेतलं होतं. मुंग्यांची काही तक्रार नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या शिमग्यानंतर दोघी बायका स्टुडिओत आल्या. निवळीच्या पुढच्या एका वाडीतल्या. आई सोनूबाई, चाळिशीच्या आतबाहेर, आणि मुलगी राही, अठरा वर्षांची. राहीने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला आणि काशीरामशेठांसमोर ठेवला. मुंबईतल्या खोलीवरचा फोटो. आपल्याकडच्या बऱ्याच गावांची लालबाग-परळकडे अशी एकेक खोली असते ना, गावची माणसं गिरणीत कामाला असली की तिथेच राहतात, तशा खोलीतल्या तेवीस पुरुषांचा ग्रुप फोटो. तीन रांगा. सगळ्यांचे शर्ट पांढरे.

"ह्यातला येक माणूस मोटा करून पायजे," सोनूबाई म्हणाली.

काशीरामशेठांनी चष्मा वर केला, खाली केला. "बाई, हा चेहरा तुरीच्या डाळीएवढा आहे. माणूस नाही, डागच मोठा होईल."

"माहिती हाय," राही म्हणाली. "चिपळुणात दोन स्टुडिओंनी मोटे डाग करून दिले. आता तुमचा तिसरा."

शेठ हसले, पण पोरीच्या आवाजात हसण्यासारखं काही नव्हतं. पडद्याआडून काका हात पुसत बाहेर आले, तेव्हा त्यांना सगळं परत सांगावं लागलं. सांगितलं राहीनेच, कारण सोनूबाई नवऱ्याचं नाव घेईना. "राहीचा बापूस" एवढंच.

राहीचा बापूस गंगाराम. राही दोन वर्षांची असताना तो मुंबईत काविळीने गेला. तार आली तोवर तिकडेच सगळं उरकलं होतं. सोनूबाईने त्याचं शेवटचं तोंड बघितलं नाही, आणि राहीने तर त्याचं तोंड कधी बघितलंच नाही म्हणायचं. त्याचा घरात दुसरा फोटो नाही, हा एकच. मरायच्या आदल्या गणपतीला त्यानेच आणून दिलेला. आणि आता वैशाखात राहीचं लग्न. मांडवात जायच्या आधी पोरीने घरातल्या मोठ्यांच्या पाया पडायचं, आणि जे गेले त्यांचा फोटो पाटावर ठेवून त्याच्या पाया पडायचं, अशी रीत.

"तेवडा बापसाचा तोंड तिला दिसला पायजे," सोनूबाई म्हणाली. "लगनाच्या आदी. दुसरा काय नको."

"यातले कुठले?" काकांनी विचारलं.

सोनूबाईने बोट ठेवलं. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा. त्या जागेवर फोटोचा कागद गुळगुळीत झाला होता. सोळा वर्षं तिथे बोट टेकत आलेलं.

काशीरामशेठ म्हणाले, "चिंतामणी, उगाच आशा लावू नको त्यांना."

"ठेवून जा," काका राहीला म्हणाले. "बघतो."

मुंगीसाठी होतं तेच सामान त्यांनी लावलं. फोटो टेबलावर सपाट, वर भाता, उलटी लेन्स, दोन्ही बाजूंना दिवे. रोल धुतला आणि व्हायचं तेच झालं. चेहरा मोठा झाला पण धुक्यात गेला. तेवीस पांढऱ्या शर्टांवरचा उजेड उसळून सगळा लेन्सच्या तोंडात. डोळ्यांच्या जागी दोन राखट ठिपके, बाकी नुसतं ताक. चिपळूणवाल्यांनी मोठा डाग केला होता, काकांनी मोठा ढग केला.

आता हूड करणं आलं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा त्यांनी काळ्या कागदाची नळी करून लेन्सला लावली. लेन्स आणि फोटोमध्ये अंतर किती, तर चार बोटं. नळीची सावली थेट चेहऱ्यावर. दिवे लावूनही खाली अंधार. नळी कापून आखूड केली तर परत धुकं. मग फिल्मची काळी डबी घेतली, तिचा तळ कापला. डबी आतून चकचकीत, तिनेच उजेड गोळा करून लेन्सला पाजला. चौदा दिवस हे चाललं होतं. संध्याकाळी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून काका थांबायचे.

"काय झालं?" उमाकाकू.

"सरळ नळी नको. निमुळती पाहिजे. लेन्सकडे रुंद, फोटोकडे अरुंद. म्हणजे बाजूने दिव्याला वाट मिळेल."

"म्हणजे नरसाळं."

काकांनी भाकरी खाली ठेवली. उमाकाकूंच्या देवघरात समईत तेल घालायचं पत्र्याचं छोटं नरसाळं होतं. काकूंनी ते दिलं. कुरकुर केली पण दिलं.

नरसाळ्याची तोटी कापून टाकली. पण ते लेन्सला बसवायचं कसं? एन्लार्जरमध्ये लेन्स घट्ट आवळायला एक पितळी रिंग असते, आट्यांची. लेन्स उलटी केली की त्या आटे असलेल्या बाजूचं तोंड पुढे येतं. म्हणजे तीच रिंग पुढून चढवता येते. फक्त रिंगेला नरसाळं जोडलं की झालं हूड. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या सदूकडे काका दोन्ही वस्तू घेऊन गेले.

सदूने उलटसुलट करून बघितलं. "काका, हेच्यातून फोटोत रॉकेल भरताव की काय?"

"तू कथलाचा डाग दे. वाकडं बसवू नको म्हणजे झालं."

"आता ही रिंग परत सुटायची नाय हां. मागाहून शेठ वरडले तर माजा नाव सांगू नका."

काकांनी एक क्षण विचार केला. रिंग गेली की स्टुडिओतला एन्लार्जर पांगळा. त्यांचाच एन्लार्जर, तीस वर्षांचा. म्हणाले, "दे डाग."

आतून काळं करायला चकाकणारा रंग नको होता. उमाकाकूंनी शाळेतून शाईच्या बाटलीत फळ्याचा रंग आणला, तळाला उरलेला. तो वाळला की कसा खरखरीत, मेलेला काळा होतो. दोन हात दिले. काशीरामशेठांना दोन दिवसांनी एन्लार्जरची लेन्स सुतळीने बांधलेली दिसली तेव्हा ते खूप बोलले. "नाहीतरी ती खोली आता..." असं म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं. काकांनी ऐकून घेतलं.

त्या रविवारी दुपारी काकांनी फोटो घेतला, धुतला, कागद ट्रेमध्ये सोडला. आधी केस आले. मग भुवया. डोळे. गालावरचा खड्डा. एक पूर्ण माणूस ट्रेमध्ये पडून त्यांच्याकडे बघत होता. डाव्या भुवईवर जुनी खोक, भुवई तिथे दोन तुकड्यांत. काकांनी तो कागद ओलाच हातात धरून घरी नेला, राम आळीतून चालत.

"उमा, बघ गं."

काकू खिडकीशी घेऊन गेल्या. "अहो! किती स्पष्ट! पापण्या दिसतायत!"

"अजून थोडं धुकं आहे पण."

"कुठेय? काही नाहीये."

काकांनी उजवा डोळा झाकून बघितलं. मग डावा झाकून बघितलं. मग कागद टेबलावर ठेवला. उमाकाकूंनी हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओढून डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. उजव्या डोळ्याचं बरंचसं गेलंय, गेलेलं परत येत नाही, डावा सांभाळायचा. लाल उजेडात बसणं बंद करा म्हणाले. काका म्हणाले, "ते तसंही बंदच होतंय."

मायलेकी ठरल्या दिवशी आल्या. काकांनी फोटो मोठ्या आकारात करून, पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला होता. राहीने हातात घेतला आणि तशीच खाली बसली, स्टुडिओच्या फरशीवर. एकदम लहान पोरीसारखी रडायला लागली. "आये, बग ना, माज्यासारका नाक हाय ना? बग ना!"

सोनूबाई बघत होती. खूप वेळ बघत होती.

"हां," ती म्हणाली.

काशीरामशेठांनी डोळे पुसले आणि काकांच्या पाठीवर थाप मारली. सगळे बोलत होते. काकांना मात्र एक गोष्ट खुपली. सोनूबाई रडली नाही. जायच्या वेळेला तिने फोटो राहीच्या हातातून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि तोंड खाली करून पायऱ्या उतरली.

आठ दिवसांनी ती एकटी आली. काशीरामशेठ जेवायला गेले होते. ती पडद्यापाशी उभी राहिली आणि हाक मारायचं धाडस होईना म्हणून खोकली.

"या, या सोनूबाई. बसा. काय झालं?"

"काका, त्यो माजा माणूस नवं."

काकांना आधी कळलंच नाही.

"त्ये विठूभावजी हायत. राहीच्या बापसाचे चुलतभाऊ. मुंबयलाच असतात, राही लहान असताना येकदाच आलेवते, तिला तोंड आटवत नाय. त्यांना लहानपनी कोयता लागलावता भुवईला. दोगांचा अंग येकसारखा, उंची येकसारखी, शर्ट पन येकाच ताग्याचा. डाळीयेवड्या तोंडात मला काय कळनार? सोळा वर्सा मी भावजींना हात लावून पाया पडतंय." तिने पदर तोंडात कोंबला. "आनि त्ये जितं हायत, काका. लगनाला येनार हायत. त्येच कन्यादानाला बसनार. पाटावर त्यांचाच फोटो हार घालून ठेवू काय मी?"

"तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरगी केवडी रडत होती. बगितलाव ना तुमी. नाकाचा बोलली."

काकांनी तिच्यासमोर स्टूल ओढून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "हा तिसराच, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"त्येनीच. फोटो दिला तवा जायच्या गडबडीत होते. बोलले, मी मागल्या रांगेत हाय, डाव्या अंगाला तिसरा. मला तवा बगायला लाज वाटली सगळ्यांसमोर. मागाहून मोजला."

तीस वर्षं निगेटिव्हशी खेळलेल्या माणसाला ते त्याच क्षणी उमगलं. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये पालथी पडली की माणसाचा भांग दुसऱ्या बाजूला जातो, घड्याळ दुसऱ्या मनगटावर जातं, त्यावरून त्यांनी किती बोलणी खाल्ली होती. गंगारामने उभा होता तसं मोजलं होतं. त्याच्या डाव्या अंगाला तिसरा. म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडून तिसरा.

फोटो तिच्या पिशवीत होताच. काकांनी भिंग घेतलं, ठेवलं, नुसत्या डोळ्याने बघितलं, परत भिंग घेतलं. मागची रांग, उजवीकडून तिसरा. आणि ते सामान लावायला लागले.

सोनूबाई त्या खोलीत बसून राहिली. लाल उजेडात. काकांनी स्वतः तिला ट्रेपाशी बोलावलं, जे त्यांनी तीस वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकाला केलं नव्हतं.

केस आले. पण दोनदा आले. भुवया आल्या त्या पुसट फराटा होऊन. डोळ्यांच्या जागी दोन आडव्या रेघा. फोटो काढताना त्या माणसाने मान वळवली होती. बाकी बावीस जण दगडासारखे उभे, आणि हा एकटा कुणाकडे तरी बघायला वळला होता. हे काही लेन्सचं धुकं नव्हतं. ते असतं तर काकांनी आणखी दहा नरसाळी कापली असती. हा माणूसच हलला होता, सोळा वर्षांपूर्वी, आणि आता त्याला कोणी थांबवू शकत नव्हतं.

"ह्येच," सोनूबाई म्हणाली. आता ती रडत होती. "हात बगा. मुठीत अंगठा आत. असाच उबा ऱ्हायचा."

हात मात्र स्वच्छ आले होते. नखंसुद्धा.

काकांनी दोन फोटो करून दिले. एक तो हललेला चेहरा, एक नुसता हात. तेवढंच त्यांच्याकडून होण्यासारखं होतं. राहीला आईनेच घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी राही स्टुडिओत आली ती तरातरा, आणि विठूचा तो सुंदर स्वच्छ फोटो काकांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो ठेवा तुमच्याकडं."

"राही, तो हाताचा फोटो तरी..."

"हाताच्या पाया कशी पडू, काका?" ती म्हणाली. रागाने नाही. अगदी खरोखर विचारल्यासारखं.

काकांनी विठूचा फोटो खणात ठेवला.

लग्नाला काका आणि उमाकाकू दोघं गेले होते, एसटीने, वाडीपर्यंत पुढे चालत. पाटावर फोटो नव्हता. नारळ होता, त्याला हळदकुंकू लावलेलं. राही नारळाच्या पाया पडली. मग सगळ्या मोठ्यांच्या पाया पडत विठूकाकापाशी आली. तो चांगला माणूस, मुंबईहून सगळ्यांसाठी काय काय घेऊन आलेला, त्याला यातलं काहीच माहीत नाही. "पोरी, सुखात ऱ्हा," म्हणाला. राहीने मान वर केली नाही. सोनूबाई चुलीकडे निघून गेली. काकांनी हे सगळं एका डोळ्याने बघितलं.

परत येताना एसटीत उमाकाकू म्हणाल्या, "तुम्ही धुकं काढलंत. त्यात तुमची काय चूक?"

"तिला धुक्यात नवरा दिसत होता गं," काका म्हणाले आणि स्टँडवर उतरल्यावर घरी न वळता थेट भाट्याच्या खाडीपुलापर्यंत चालत जाऊन बसले. काकूही गेल्या बरोबर. काय करणार.

पावसाळ्याआधी आतली खोली रिकामी झाली. तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे. काशीरामशेठांनी एन्लार्जर काकांनाच देऊन टाकला. तो त्यांच्या पडवीत आहे, प्लास्टिकखाली. मुंग्यांचे फोटो काढणं त्यांनी सोडलं. भाता, उलटी लेन्स आणि ते नरसाळं मात्र पडवीतल्या टेबलावर मांडलेलंच असतं, दिव्यांसकट. कशासाठी, ते ऐका.

त्यांच्या डोक्याने घेतलंय की त्या खोलीत फोटो काही एकदाच निघाला नसणार. कोणी गावी निघालं, कोणाला नोकरी लागली, खोलीत गणपती बसला, कोणीतरी फोटोवाल्याला बोलावलंच असणार. गंगाराम त्या खोलीत चार वर्षं होता, अडुसष्ट ते बहात्तर. दुसऱ्या कुठल्या तरी फोटोत तो उभा असेल, आणि तेवढा एक क्षण हलला नसेल. निवळी, हातखंबा, पाली, त्या बाजूच्या ज्याच्या त्याच्याकडे काका विचारतात. आतापर्यंत सात ग्रुप फोटो आले. सातही त्यांनी एकेक चेहरा करून तपासले, आणि जो कोणी मुठीत अंगठा धरून उभा दिसला त्याचा चेहरा मोठा करून सोनूबाईला दाखवून आले. ती प्रत्येक वेळी पदराने हात पुसून फोटो घेते, बघते आणि परत देते. राही सासरहून आली की पहिलं हेच विचारते म्हणे, आणि उत्तर ऐकून आत जाते.

आणि परवा उमाकाकू कुंपणापाशी आईला सांगत होत्या ते हे, की डाव्या डोळ्यालाही आता कडेने दिसेनासं झालंय. समोर नळीतून बघितल्यासारखं तेवढंच दिसतं. पूर्ण कधी जाईल त्याची तारीख डॉक्टर सांगत नाहीत. काका डॉक्टरांना म्हणाले, "नळीतून दिसलं तरी पुरे, मला चेहरा एवढाच बघायचाय."

म्हणून तुम्हाला सांगतेय. कॉलेजात निम्म्या जणांचे वडील, काका, आजोबा मुंबईच्या खोलीवर राहिलेत. घरी जाल तेव्हा ट्रंक उघडा. अडुसष्ट ते बहात्तरच्या सुमाराचा लालबागकडच्या खोलीतला ग्रुप फोटो असेल, कितीही फाटका असू दे, तर तो घेऊन चिंतामणीकाकांकडे जा. राम आळीतून मागे टिळक आळीकडे वळलात की पडवीत टेबल मांडलेलं कौलारू घर, कोणीही दाखवेल. सकाळी जा, तेव्हा त्यांना बरं दिसतं. आणि फोटो नसला तरी जा, त्यांच्याशी कोणी येऊन बोलत नाही आता. पण जा. सुट्टीची वाट बघू नका, या रविवारीच जा.